मार्गदर्शकाचा रकाना

१८ जून
गेले समन्वयक! पुण्याला नोकरी मिळाली, कपाटाची किल्ली माझ्या हातात ठेवली आणि एसटी धरली. साताऱ्याच्या मुख्य कार्यालयातून विश्वजीतसाहेबांचा फोन — "जागा भरेपर्यंत कोरेगावचं तुम्हीच बघा." बघा म्हणे! मी संस्थेची लेखनिक. मुलींच्या पोलीस भरतीचा सराव मी घेणार? दोन जिने चढले तर गुडघा बोंबलतो.

२४ जून
सकाळी भीत भीत मैदानावर गेले. सराव चालू होता! शिवांजली — याच वर्गातली जुनी मुलगी, मागच्या भरतीत दोन गुणांनी राहिली — तिनं चुन्याच्या रेघा मारून सगळ्यांना पळायला लावलं होतं. "जागा भरंस्तवर मी घेते म्याडम. एकदा बंद पडलं तर पोरी परत यायच्या न्हाईत." माझा जीव भांड्यात पडला.

३० जून
मासिक अहवाल. 'मार्गदर्शक' या रकान्यात शिवांजलीचं नाव लिहिलं होतं. साहेब फोनवर म्हणाले, "बाहेरच्या व्यक्तीचं नाव नको. उद्या कुणी पडलं-झडलं तर?" मग खोडून माझं लिहिलं. एका महिन्यापुरतं.

३१ जुलै
माझंच.

३१ ऑगस्ट
माझंच. या वेळी साहेबांनी सांगितलंही नव्हतं.

५ ऑक्टोबर
अहवालाची फाईल साताऱ्याला शिवांजलीच नेऊन देते, तिला तिथल्या वाचनालयात जायचं असतं. आज निघताना दारात घुटमळली. "जाहिरात जानेवारीत निघंल का वं?" समन्वयकाच्या जागेवर डोळा आहे पोरीचा. का नसावा! तिचे आबा, म्हणजे वडील नानासो, पूर्वी मेंढरं घेऊन हिंडायचे, आता माळावर डाळिंब लावलंय. ते गुढीपाडव्यापर्यंत थांबणार. जागा मिळाली तर नोकरी, नाहीतर इस्लामपूरचं स्थळ. मुलगा साखर कारखान्यात आहे. "मला न्हाई जायाचं म्याडम. पर आबांना शबूद दिलाय."
मी म्हणाले, "निघेल गं. तुझं काम मी साहेबांच्या कानावर घालते."
घातलं? नाही. कसं घालणार — कागदावर तर सगळं काम माझं!

११ जानेवारी
साताऱ्यात सत्कार. माझा! "पद रिकामं असताना एकटीनं तालुका सांभाळला!" शाल, श्रीफळ, टाळ्या. साडीतून गुडघ्याचा पट्टा दिसू नये म्हणून मी आपली अवघडून उभी. हिनं आठशे मीटर पळवलं म्हणे मुलींना!
शिवांजली पहिल्या रांगेत. मोबाइलवर माझे फोटो काढत होती. 'एकटीनं' हा शब्द आला तेव्हा तरी माईक ओढून खरं बोलायचं होतं. मी काय बोलले? "सर्वांचं सहकार्य लाभलं." सर्वांचं!
घरी आल्यावर शाल कपाटात सगळ्यात खाली कोंबली.

३ फेब्रुवारी
पत्र आलं. 'अतिरिक्त कार्यभारावर उपक्रम सुरळीत सुरू असल्याने समन्वयकाची जागा रद्द करण्यात येत आहे.' संदर्भ म्हणून माझेच सात अहवाल.
तीनदा वाचलं. पोरीची नोकरी मी माझ्या हातानं बुडवली. दुसऱ्या कुणी बुडवली असती तर मीच त्याला शिव्या घातल्या असत्या.

१० फेब्रुवारी
साहेबांना सगळं खरं लिहून पाठवलं. लगेच फोन — "आता कशाला उकरताय? ठराव झालाय. आणि आम्ही सत्कार केला, त्याचं काय?" ठेवला फोन.
शिवांजलीला एवढंच सांगितलं की जागा रद्द झाली. का झाली, ते नाही. ती आली की मी रजिस्टरात तोंड खुपसते. पन्नाशी उलटली, आणि चोविशीतल्या पोरीला तोंड चुकवते!

२ मार्च
इस्लामपूरची मंडळी पसंती देऊन गेली. तिनंच सांगितलं, मोजपट्टी गुंडाळता गुंडाळता. "लगीन एप्रिलात. पुढच्या हप्त्यापसनं मैदान तुमी बघा म्याडम. पोरींना सोडू नगा."
हो म्हणाले. मान वर झाली नाही.

७ मार्च
सांगितलं. मैदानावर, चुन्याचा डबा तिच्या हातून घेताना. रकाना, सत्कार, जागा — सगळं.
"ठावं हाय की म्याडम. फाईल मीच न्हेत हुते न्हवं? दर महिन्याला एसटीत वाचायची."
मग बोलली का नाहीस गं?
"पुढच्या महिन्यात माझं नाव लिव्हाल, असं वाटायचं."