डिलीट न होणारे पागनीस

१० सप्टेंबर, बुधवार

मी मेले!

पान २१४, खालून सहावी ओळ. 'कन्या वसुधा — बालपणी वारली.' खेळ खलास. बावन्न वर्षांची बाई मी, दिवसभर सांवेर रोडला पंपाच्या फॅक्टरीत ड्रॉइंग तपासते, संध्याकाळी दादाच्या बैठकीत बसून पागनीस कुलवृत्तांताचं प्रूफ वाचते — आणि वाचता वाचता आपल्याच मरणाशी येऊन पोचते.

सहा वर्षं! अकरा पिढ्या जमवल्या मी. देपालपूरला चकरा मारून कागद आणले. उज्जैनच्या पंड्यांसमोर मांडी घालून त्यांच्या वह्या उतरवल्या. पुणे-नागपूरच्या लोकांना फोन करकरून पोराबाळांची नावं विचारली, ते वैतागले तरी विचारली. टाइप मी केलं. फोल्डर मी बनवले. आणि बालपणी वारली कोण? मीच.

मग आर्या कुठून आली? आभाळातून टपकली? पंचवीस वर्षांची माझी पोरगी पुण्यात नोकरी करतेय आणि पुस्तकात तिचं नावच नाही. बरोबर आहे म्हणा, मेलेल्या मुलीला मुलगी कशी होणार!

श्रीहरीदादाला विचारलं. माझा थोरला चुलतभाऊ, कुलमंडळाचा अध्यक्ष, अडतीस वर्षं सरकारी नोकरी करून रिटायर झालेला. चष्मा पुसत बसला. मग म्हणाला, "घटस्फोट हा शब्द कुलवृत्तांतात बरा दिसत नाही गं. चार घरांत पुस्तक जाणार. म्हणून मी बदललं."

"म्हणून मारलंस मला?"

"अगं, पुस्तकातच तर!"

पुस्तकातच तर!! थांब दादा. बघतेच आता.

११ सप्टेंबर

ठरलं. मी नाही तर कोणीच नाही.

पुस्तक दसऱ्यानंतर छापायला जाणार. प्रेसवाल्याकडे अजून एक अक्षर गेलेलं नाही. सगळं दादाकडच्या कॉम्प्युटरवर आहे, आणि एक कॉपी माझ्या पेनड्राइव्हवर. पेनड्राइव्ह आज लंचमध्ये पुसून टाकला. पाच मिनिटंही लागली नाहीत. वर डबा संपवला पूर्ण.

दादाने घरीच प्रिंट काढलेला प्रूफचा गठ्ठा काल "घरी तपासते" म्हणून उचलून आणला होता. तो आणि माझ्या सहाही वह्या उद्या सकाळी कचरागाडीत. सुक्या कचऱ्यात, ओल्यात नाही. सूड घेताना का होईना, इंदूरचे नियम पाळलेच पाहिजेत.

१२ सप्टेंबर, शुक्रवार

गाडी आली, वह्या गेल्या. गाडीवाला म्हणाला, "मॅडम, बच्चे पास हो गए क्या?" हो म्हटलं.

साडेसहाला बडा गणपतीजवळ, दादाच्या घरी. तो झोपाळ्यावर पेपर वाचत होता, माझ्याकडे पाठ. 'पागनीस' या मोठ्या फोल्डरवर गेले. शिफ्ट दाबून डिलीट — म्हणजे रिसायकल बिनमध्येही सापडायला नको. मजा येत होती, खोटं कशाला लिहू.

आणि काय झालं? काही नाही! 'ही फाइल दुसऱ्या प्रोग्राममध्ये उघडी आहे. बंद करा आणि पुन्हा प्रयत्न करा.' कुठे उघडी आहे? काहीच उघडं नव्हतं! पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा तेच. सात वेळा केलं. तिकडून दादा म्हणतो, "वसू, पोहे घेशील ना? जीरावन मसाला टाकून आणतो."

मेलेल्या बाईने दोन प्लेट पोहे खाल्ले.

१३ सप्टेंबर, शनिवार

विपुलला धरलं. फॅक्टरीचा कॉम्प्युटरवाला, माझ्याच वयाचा, टक्कल पडलेला, तोंड चालू तर हात बंद. त्याला सांगितलं, घरचा जुना डेटा आहे, डिलीट होत नाहीये.

"मॅडम, दूसरे यूजर में खुला पड़ा होगा. किसी ने लॉगआउट नी करा होगा. पूरा रिस्टार्ट मारो ना!"

बरोबर! त्या कॉम्प्युटरवर दोन खाती आहेत, एक दादाचं, एक माझं. आणि दादा कधीच लॉगआउट करत नाही. मॉनिटरचं बटण दाबतो आणि म्हणतो, झाला बंद. गेले कित्येक दिवस आत त्याची फाइल तशीच उघडी पडलेली असणार.

संध्याकाळी गेले, रिस्टार्ट केलं, डिलीट दाबलं — आणि सुरू झालं! हिरवी पट्टी सरकत गेली. देपालपूरची शाखा गेली. धारची गेली. नागपूरवाले सगळे गेले, ते नाहीतरी फोन उचलायचे नाहीत. पोटात असं गार गार वाटत होतं! पितृपक्षात एवढे पूर्वज एकदम कोणी मार्गी लावले नसतील.

आणि मग पट्टी अडकली. समोर काय आलं ते जसंच्या तसं लिहिते: 'या फाइलमध्ये बदल करण्यासाठी तुम्हाला श्रीहरी यांची परवानगी लागेल.'

दिमागच सटकला माझा! कॉम्प्युटरसुद्धा त्याचाच माणूस! जगताना ह्यांची परवानगी, मरताना ह्यांची, आता मारताना पण?

पाहिलं तर एकच फांदी उरली होती. मूळपुरुषापासून सरळ खाली आजोबा, मग बाबा, आणि बाबांच्या फोल्डरमध्ये 'वसुधा'. बाकीचे चुपचाप गेले. मीच तेवढी हटून बसले होते.

१४ सप्टेंबर, रविवार

आज आईला सांगून टाकलं. चार दिवस सांगितलं नव्हतं, म्हटलं एकोणऐंशीची आहे, जीव घाबरा होईल. मेथी निवडत बसली होती.

"आई, दादाने मला पुस्तकात मारून टाकलंय. बालपणी वारली म्हणून लिहिलंय."

मान वर केली नाही. "जाऊ दे ना. कोण वाचतंय पुस्तक."

"मी वाचलं ना!"

"श्रीहरीला काही बोलू नकोस हं. बिचारा किती करतो सगळ्यांचं."

बिचारा! सख्खी आई माझी! तिला माझ्यापेक्षा पुतण्याचं मन सांभाळायचंय. खूप बोलले मी. बावीस वर्षांपूर्वी आर्याला कडेवर घेऊन ह्या घरात परत आले तेव्हापासूनचं सगळं बोलले. तेव्हाही म्हणाली होती, शेजाऱ्यांनी विचारलं तर सांग माहेरपणाला आलीय. दोन वर्षं माहेरपण चाललं माझं! ती उठून भरल्या वांग्यांच्या तयारीला लागली, मला आवडतात म्हणून. असला राग येतो ना अशा वेळी!

डिलीटचं मात्र तिला सांगितलं नाही. तिने दादाला फोन केला असता.

१५ सप्टेंबर

विपुल सुट्टीवर. दादाच्या कॉम्प्युटरला एक दिवस जीवदान.

१६ सप्टेंबर, मंगळवार

"सीधी बात है मॅडम," विपुल म्हणाला, "अंदर कोई फाइल पड़ी है जो उन्होंने अपने डेस्कटॉप से कट-पेस्ट करी है. तो मालिक वोई रेंगे. मालकी अपने नाम करवा लो." त्यासाठी दादाचा पासवर्ड पाहिजे.

चोरायचा कसा ह्याचा विचार करत गेले. मग म्हटलं, कशाला? सरळ विचारलं. दादा आत दाढी करत होता, तिथूनच ओरडला, "लिहून घे! पोहाजलेबी, सगळं एकत्र, पुढे छप्पन!" कशाला हवाय हेसुद्धा विचारलं नाही. एक मिनिट कसंतरीच झालं मला. माणूस साबण लावलेल्या तोंडाने पासवर्ड ओरडून सांगतो आणि आपण...

मग पान २१४ आठवलं. आर्याचा चेहरा आठवला. कसंतरी वाटणं बंद.

मालकी बदलली. नाव आलं — वसुधा. आता मी मालकीण! डिलीट दाबलं.

'फाइलचा पत्ता फार लांब आहे. नावं लहान करून पुन्हा प्रयत्न करा.'

मी कीबोर्ड आपटला. दादा टॉवेल घेऊन धावत आला. "काय झालं गं?" "डास," म्हटलं.

१७ सप्टेंबर

विपुल पोट धरून हसला आज.

चूक माझीच आहे. दुसरं कोणीही असतं तर एक, दोन, तीन असे नंबर घालून फोल्डर शेजारी शेजारी ठेवले असते. मी वंशावळ केली! बापाच्या फोल्डरमध्ये मुलगा, त्याच्यात त्याचा मुलगा, एकाच्या पोटात एक. केवढा अभिमान वाटायचा मला त्याचा! आणि ह्या वर्षी काम संपत आलं म्हणून लाडाने सगळ्यांना पदव्यासुद्धा लावल्या. नुसतं 'त्रिंबकपंत' बरं नाही दिसत — 'मूळपुरुष श्रीमंत त्रिंबकपंत पागनीस, होळकर सरकारच्या पागेचे कारभारी'. त्यांच्या मुलालाही तसंच. नातवालाही. तळाच्या फाइलपर्यंत पोचता पोचता पत्ता इतका लांबला की कॉम्प्युटरच दमला.

"अढाई सौ अक्षर के बाद वो हाथ खड़े कर देता है," विपुल म्हणाला. "आपको बाप-दादा के नाम काटने पड़ेंगे, मॅडम."

काटते. आनंदाने काटते.

१९ सप्टेंबर, शुक्रवार

आज त्रयोदशी. लहानपणी गेलेल्यांचं श्राद्ध आज करतात, म्हणजे माझंच की! कोणी काही वाढलं नाही. मी आपली ऑफिसच्या कँटीनमध्ये कचोरी खाल्ली.

संध्याकाळी नावं कापायला बसले. श्रीमंत त्रिंबकपंत, पागेचे कारभारी — झाले 'त्र'. त्यांचे चिरंजीव, तलवारबहाद्दर वगैरे — 'वि'. पणजोबा, ज्यांच्या पगडीचा फोटो मिळवायला मी तीनदा देपालपूरला गेले — 'म'. आयुष्यभर मिशीला पीळ देत बसलेली माणसं एकेका अक्षरावर आणून ठेवली. हसू आवरत नव्हतं. एकटीच हसत होते, पदर तोंडात धरून.

बाबांपाशी थांबले. 'ती. कै. रघुनाथराव'. बाबा कधी एका शब्दाने मला लागेल असं बोलले नव्हते. घटस्फोटाच्या तारखेला कोर्टात तेच येऊन बसायचे, दिवसभर, डबा घेऊन. पण आता मागे कुठे फिरायचं? 'र' केलं.

शेवटी मी. 'व'.

मग डिलीट. गेलं सगळं! मी टाकलेले माझे फोटो, आर्याच्या बारशाचा फोटो, सगळं. फक्त एक फाइल राहिली. तिचं नावच भलं मोठं, अर्थात दादाने दिलेलं: 'दुरुस्ती क्रमांक ४१ बाबत प्राप्त झालेल्या मूळ पत्राची छायाप्रत व त्यावरील अभिप्राय'. नोकरी सुटली पण भाषा नाही सुटली! हीच ती, त्याच्या डेस्कटॉपवरून आलेली. एवढे दिवस हिनेच छळलं मला. उघडून बघावी म्हटलं तर पत्ता लांब म्हणून उघडतही नव्हती. आता नाव लहान करणार, तेवढ्यात दादाकडे पाहुणे आले, खुर्ची रिकामी करून द्यावी लागली, मग कॉम्प्युटरपाशीच चहाचे कप ठेवले.

असू दे. रविवारी सर्वपित्री. तेव्हाच संपवते. आणि संपल्यावर दादाला बोलावणार, खुर्चीत बसवणार आणि रिकामा फोल्डर दाखवणार. वाक्यसुद्धा तयार आहे. चार दिवस मनात घोळवतेय — "बघ दादा, सगळेच पागनीस बालपणी वारले."

मग बघू त्याचा चेहरा. मग विचारीन, आता कसं दिसतंय पुस्तक? बरं दिसतंय ना?

२१ सप्टेंबर, रविवार

फाइलचं नाव नुसतं '४१' केलं. पुसण्याआधी उघडली.

आईचं अक्षर. 'चि. श्रीहरीस. वसुधा लहानपणी गेली असं घालावं. आर्याचं नाव घेऊ नये.' खाली सही, प्रेमलता.

त्याखाली लाल पेनने दादा: 'काकू, हे माझ्याच्याने होणार नाही. हे सगळं तिनेच उभं केलं आहे.'

त्याखाली पुन्हा आई: 'मी तिची आई आहे. तुला माझी शपथ. विचारलं तर तू केलंस म्हणून सांग.'

अकरा पिढ्यांतलं आता एवढंच शिल्लक आहे.

दादाला बोलावलं नाही. घरी आले. आईने पान वाढून ठेवलं होतं. मी जेवत नाही म्हटलं. का, ते तिने विचारलं नाही.