टोरीच्या तेलाची शिशी

तीर्थरूप आईले हरियाणातून कीर्तीचा पाया पडून नमस्कार.

मी मजेत आहो. थंडी लय आहे, पण तू विणलेलं स्वेटर अंगावर आहे.

बायोडिझेलच्या कारखान्यात माझी जागा बदलली, एवढंच. लॅब गेली. आता यार्डात हॉटेलांचं जळकं तेल उतरवून घेऊन राहिली. केसांले भज्यांचा वास येते. बाबाले सांगू नको.

पहाडात जाणारा बायोडिझेलचा टँकर मी पास नाही केला. त्यात पामतेलाचा माल जास्त होता, थंडीत गोठत होता. लॅबच्या मशीननं तेच दाखवलं, पण साहेब म्हणे, "मशीन खराब होगी, तू साइन कर दे."

मंग तू हिवाळ्यात मोहाच्या बियांच्या, टोरीच्या तेलाची शिशी उलटी करून गोठलं का पाहते, तसंच केलं. नमुन्याची शिशी रातभर बाहेर ठेवली अन् सकाळी साहेबाच्या टेबलावर उलटी धरली. थेंब नाही पडला. पण तेल सांडंल म्हणून त्यानं आपले कागद आधीच बाजूले सरकवले होते!

आता साहेब म्हणते, सही कर अन् लॅबमधी परत ये. मी नाही करत. घाटात गाडी बंद पडली तं डायवरले कोण आणंल?

तुझे गुडघे कसे आहेत? धान चुरून झाले का?

शेजारचा बंटी इकडे येईल तं त्याच्याजवळ टोरीच्या तेलाची एक शिशी दे. अंगाले लावाले नाही पाहिजे. साहेबाच्या खिडकीत ठेवाची आहे. रोज सकाळी गोठलेली दिसली पाहिजे त्याले.

तुझीच,
कीर्ती