वन्संच्या कॉम्प्युटरला लागलेलं कुंकू

शिक्रापूर,
कोजागरीचा दुसरा दिवस, २००४

ती. वन्संना ललिताचा वाकून नमस्कार.

माझ्या लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीत माझ्या हातून तुमची लोणच्याची बरणी फुटली, तेव्हा तुम्ही म्हणाला होतात, "वस्तू फुटू दे गं, पण सांगायला दुसऱ्याला धाडू नगंस." म्हणून तुमच्या भावाला दौंडला पाठवायचा बेत रद्द करून (ते तसेही चप्पल सापडत नाही म्हणून बसून होते) स्वतःच लिहिते आहे. पत्र म्हणजे दुसरं माणूस नव्हे, असं मी धरून चालले आहे.

तुमचा गुडघा कसा आहे? नव्या स्लॅबला पाणी मारायला तुम्ही स्वतः शिडी चढत नसाल, अशी आशा आहे. (चढत असणार.) आत्याबाई बऱ्या आहेत, लेकीची आठवण काढतात. हायवेच्या ट्रकांमुळे घरात रोज धुरळा येतो, पण घरात काय काय येतं याबद्दल बोलायचा अधिकार मी या महिन्यात गमावला आहे.

वन्सं, घराचं काम होईपर्यंत सांभाळायला दिलेला तुमचा कॉम्प्युटर बंद पडला आहे. 'पडला' असं लिहिलं खरं. मी पाडला.

झालं असं. इथल्या एका कारखान्याने जुने कॉम्प्युटर भंगारात काढले आणि तुमच्या भावाने त्यातली ग्राफिक्स कार्डं गोणीभर आणली. (ग्राफिक्स कार्ड म्हणजे पडद्यावर चित्र उमटवणारी हिरवी पाटी. तुमच्या कॉम्प्युटरच्या पोटातही एक आहे. म्हणजे होती.) चालणारी निवडून विकायची, असा विचार. निवडायचं काम माझ्याकडे आलं, कारण घरात कॉम्प्युटरचा कोर्स मी एकटीने केलेला. आणि खरं सांगू का, मला ते आवडलं. तुम्ही मुलींच्या लग्नाचे बायोडेटे छापून स्वतःच्या पायावर उभ्या राहिलात, तसं आपलंही काही असावं, असं फार दिवस मनात होतं.

सगळं नीट करत होते हो. जुनं कार्ड चांगल्या मशीनमध्ये कधी घालायचं नाही, जे मेलं तरी सुतक पाळावं लागणार नाही अशाच मशीनमध्ये आधी बघायचं, हा पहिला नियम. त्यासाठी आमचा जुना डबा होता. प्लग काढायचा. खिडकीच्या गजाला हात लावून अंगातली वीज उतरवायची. कार्डावरची पिंपासारखी बारकी नळकांडी फुगलेली असतील तर ते कार्ड बाजूला. पंखा बोटाने फिरवून बघायचा, आणि खाचेत जाणारे सोनेरी दात खोडरबराने पुसायचे. आत्याबाईंनी शेजारच्या साळूबाईंना बोलावून दाखवलं, "बघा की, आमची सून सारखी गजाला जाऊन धरती. कवापासनं चाललंय." साळूबाई मीठमोहऱ्याच घेऊन आल्या.

मग गोणीच्या तळाशी एक मोठं कार्ड निघालं. देखणं, नव्या जातीचं. शिरूरच्या एका फोटो स्टुडिओवाल्याला तसलंच हवं होतं. ते आमच्या डब्याच्या खाचेत बसेना. तसली खाच घरात एकाच मशीनला होती, आणि ते मशीन तुम्ही स्वतः विणलेल्या पांढऱ्या आच्छादनाखाली झाकलेलं होतं.

वन्सं, मी आच्छादन काढलं. तेव्हा मनात आलं, 'वन्संचं म्हणजे आपलंच की.' नंतर जे झालं त्याच्यापेक्षा मला या वाक्याची जास्त लाज वाटते. मला दिलेलं कुणी असं आपलं म्हटलं असतं, तर मी अबोला धरला असता.

त्या दिवशी होती खंडेनवमी. विळा, कुऱ्हाड, शिलाई मशीन, तुमच्या भावाचा पाना, सगळं पाटावर मांडलेलं. आत्याबाई म्हणाल्या, "तुजं ते हत्यार बी ठिव." मी ते कार्ड ठेवलं. हळदकुंकू मीच वाहिलं, चांगलं पाण्यात कालवून, आणि नेमकं त्या सोनेरी दातांवर, कारण तिथेच ते शोभून दिसत होतं. वर अक्षता. मग प्लग काढला, गजाला हात लावला, फुगलेलं काही नाही हे पाहिलं, पंखा फिरवला. पुसायचं तेवढं राहिलं. देवाचं कुंकू कोण पुसेल?

तुमची हिरवी पाटी काढून तिच्या खाचेत ते कार्ड बसवलं आणि बटण दाबल्यावर 'चट्' झालं. आत्याबाईंनी नाक वर केलं, "ह्या बारीची उदबत्ती कसली गं आणलीस?" तुमचे भाऊ म्हणाले, "लाईट गेली आसंल." डोक्यावर पंखा फिरत होता.

शिरूरला रिपेअरिंगवाल्या अक्रमकडे नेलं. त्याने खाचेतून ओला तांदूळ काढून तळहातावर ठेवला. "काकू, कार्डाचं लगीन लावलं व्हय?" दुकानातली गिऱ्हाइकं हसली, मीही हसले, आणि रिक्षात बसल्यावर रडले. मुख्य बोर्ड जळाला आहे. मुलींचे बायोडेटे मात्र शाबूत आहेत, ते वेगळ्या भागात असतात, त्याने मला काढून दाखवले.

आत्याबाई म्हणतात, "माज्यावर घाल, आईला काय करती ती?" नाही घालत. तुम्ही भाऊबीजेला येणार आणि कॉम्प्युटर घेऊन जाणार होतात. आता कॉम्प्युटरही नाही आणि तुम्हीही येणार नाही, या धास्तीने मी अजून चकलीची भाजणी भाजलेली नाही. रागवा, पण इथे येऊन रागवा.

तुमची,
ललिता

ता. क. आच्छादन धुतलं आहे. कुंकवाचा डाग फिका झाला, गेला नाही.

ता. क. दुसरा. नवा बोर्ड मीच घालून देणार आहे. अक्रम म्हणतो, आठवड्यात मिळेल, पैसे मागाहून दिले तरी चालतील.

ता. क. तिसरा, आणि खरं तर यासाठीच पत्र लिहायला घेतलं होतं. बोर्डाचे पैसे ते मोठं कार्ड विकून येणार आहेत. स्टुडिओवाला चालवून दाखवल्याशिवाय घेत नाही. अक्रम आता माझं कार्ड दुकानाच्या उंबऱ्याच्या आत येऊ देत नाही. आणि ते चालतं का, हे बघायला तसली खाच आपल्या माणसांत फक्त तुमच्याच कॉम्प्युटरला आहे, नव्या बोर्डालाही असेल. दात मी पुसले आहेत, वाळवले आहेत, पुन्हा पुसले आहेत. तर वन्सं, कॉम्प्युटर दुरुस्त होऊन आल्यावर, तुम्ही घेऊन जायच्या आधी, एकदाच घालून बघू का? बटण तुम्ही दाबा. तुम्ही नाहीच म्हणणार, मला माहीत आहे.