तार न पोचणारं घर

ती. ताईस,

साष्टांग नमस्कार. (कंबर धरली आहे, म्हणून मनातल्या मनात घातला आहे. तूही गुडघा सांभाळून, बसल्या जागीच स्वीकार.) तेल लावतेस का, की बाटली नुसती खिडकीत उभी आहे? मी बरा आहे. घरातलं इंटरनेटही बरं आहे. ते बंद व्हावं म्हणून मी कित्येक महिने झटतो आहे आणि त्याची तब्येत दिवसेंदिवस सुधारते आहे.

चिरंजीवांनी दूर जाताना ते घेऊन दिलं. ही गेल्यावर घरात मी एकटाच, तेव्हा रोज एकमेकांना बघता यावं म्हणून. पहिलं वर्ष बघितलं. आता तो कामावर चालत जाताना साध्या फोनवर बोलतो, तेही रस्ता ओलांडेपर्यंत. इंटरनेटची डबी मात्र हिच्या शिवणयंत्रावर बसून रात्रंदिवस डोळे मिचकावते. (ही असती तर तिने वर रुमाल टाकला असता.) शेवटी बंद करा म्हणून कंपनीला फोन केला. तिथल्या बाई फार गोड बोलतात. "काका, आमचं काही चुकलं का?" असं विचारतात. मला इतक्या आपुलकीने बऱ्याच दिवसांत कोणी काही विचारलं नव्हतं. छे छे, म्हणालो. तर वेग वाढवून देते, म्हणाल्या. नको म्हणवेना. पुढच्या खेपेला पुन्हा बंद करायला गेलो आणि सिनेमे पदरात पडले. आता माझ्याकडे भयंकर वेग आहे आणि जायला कुठे नाही.

म्हणून कचेरीत जाऊन समोरासमोर बोलावं म्हटलं. काचेमागच्या तरुणाने कराराची प्रत सरकवली. "यात सगळं लिहिलंय, आजोबा. नीट वाचून घ्या." वाचायला मला सांगतो! छापखान्यात मुद्रितं तपासण्यात माझा जन्म गेला, हे त्या बिचाऱ्याला काय ठाऊक. घरी आणून वाचला. अर्थ लागला नाही, पण चुका सापडल्या. सगळ्या लाल शाईने समासात दुरुस्त केल्या, आणि तपासलं म्हणून प्रत्येक पानाखाली सही करून प्रत परत पाठवली. (हात सवयीचा गुलाम.) वाटलं, लाजतील. कंपनीचं पत्र आलं. प्रत्येक पानावर सही करून करार पुन्हा स्वीकारल्याबद्दल आपले अभिनंदन, मुदत नव्याने सुरू. सोबत कराराची नवी प्रत. चुका सगळ्या जागच्या जागी.

मग मी हात टेकले आणि तसं बाईंना फोनवर सांगितलं. त्यांनाही कीव आली असावी. आवाज खाली आणून म्हणाल्या, "काका, मुदतीआधी सुटायला दोनच वाटा आहेत. एक तर ग्राहक वारला पाहिजे."

"दुसरी सांगा."

"नाहीतर आमची तार पोचत नाही अशा ठिकाणी कायमचा राहायला गेला पाहिजे."

तोंडात आला तो पत्ता दिला. तुझा. बाईंनी शोधून पाहिलं. नाही पोचत. त्यांना माझ्याहून जास्त आनंद झाला. "तिथे कोण असतं, काका?" बहीण, म्हटलं. "मग प्रश्नच मिटला की!" कोणाचा, ते विचारायचं राहिलं.

बाकी विशेष काही नाही. जपून राहा.

तुझा,
म्हातारा झालेला धाकटा भाऊ

ता. क. कंपनीचा माणूस तुला फोन करील. भाऊ कायमचा राहायला येतोय का, असं विचारील. तू नुसतं "हो" म्हण. खोटं बोलायचा तुला तिटकारा आहे, जाणतो. पण एवढाच शब्द आहे.

आणखी ता. क. तुला खोटं बोलावं लागणार नाही अशीही एक सोय होऊ शकेल. मागच्या खोलीत अजून नुसत्या ट्रंकाच आहेत का? मला खिडकीकडची बाजू पुरे. शिवणयंत्र मात्र बरोबर आणीन. डबी इथेच राहील.

शेवटचं. पत्र नेहमीप्रमाणे पुन्हा वाचून काढलं आणि प्रत्येक पानाखाली सही केली आहे. या खेपेला अर्थ लागल्यावर.