दीपगृहाच्या गावी यंदा मासा नाही

२ मार्च, रविवार

बैठक झाली. सुट्टीची. यंदाची पहिली— अजून किमान तीन-चार होतील. साडूंच्या दिवाणखान्यात, साडूंच्या अध्यक्षतेखाली, साडूंनी आखलेल्या तक्त्यावर. मे महिन्यात कुठे जायचं ते दोन्ही कुटुंबांनी मिळून ठरवायचं असतं म्हणे. मिळून! ते बोलतात, आम्ही माना डोलावतो. झालं मिळून.

तक्त्यात तीन गावं. खाडीचं, बेटाचं आणि दीपगृहाचं. प्रत्येकापुढे गुण. धक्क्याजवळ पाणी किती खोल— दहा गुण. बोट मिळते का— दहा. आमिष ताजं मिळतं का— दहा. भरतीची वेळ सोयीची आहे का— दहा. आणि सगळ्यात खाली, कागद संपता संपता, 'बायकामुलांची सोय'— पाच! मी विचारलं, पाचच? तर म्हणाले, "अहो साडूबुवा, गळाला मासा लागला की सगळ्यांचीच सोय होते!" आणि स्वतःच हसले. मग ताई हसली. ताई म्हणजे हिची थोरली बहीण, त्यांची बायको. पंचवीस वर्षं त्याच त्या विनोदांना हसते आहे बिचारी.

माणूस नळ विकतो. नळ, शॉवर, टाइल्स. चकचकीत दुकान आहे, भिंतभर नळ लावलेत आणि एकालाही पाणी येत नाही. हा आम्हाला समुद्र शिकवणार.

६ मार्च, गुरुवार

दर्यासारंग— यापुढे या वहीत त्यांना हेच म्हणणार— भर दुपारी माझ्या चष्म्याच्या दुकानात हजर. "इकडून चाललो होतो, म्हटलं डोकवावं." मी एका बाईंचे डोळे तपासत होतो. तपासणीची फ्रेम नाकावर, उजवा डोळा झाकलेला. म्हटलं, चौथी ओळ वाचा. तर मागून दर्यासारंगांनी वाचली! चौथी वाचली, पाचवी वाचली, अगदी तळाची, जी मला स्वतःला चष्म्याशिवाय दिसत नाही, तीही खणखणीत वाचून दाखवली. "नजर बघा आपली! मैलभरावरचा पक्षी दिसतो. पक्षी दिसला की खाली मासा!" बाईंचा सगळा तक्ता पाठ झाला. दुसरा लावून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

जाताना बाई म्हणाल्या, "तुमचे मित्र फार गमतीशीर आहेत हो."

मित्र!

९ मार्च, रविवार

दुसरी बैठक. निर्णय शून्य. दर्यासारंग ते जाकीट घालून बसले होते. खाकी, चौदा खिशांचं. घरात! सोफ्यावर! एका खिशातून गळाला लावायचे शिशाचे गोळे काढतात, दुसऱ्यातून कात्री, तिसऱ्यातून पेन— आणि चष्मा शोधायला चौदाही खिसे तपासतात. चष्मा डोक्यावर असतो. मीच करून दिलेला.

आणि आमची पोरगी त्यांच्या पायाशी बसून गळाची गाठ मारत होती. आवळण्याआधी गाठीला थुंकी लावायची असते म्हणे, नाहीतर घासून दोरी तुटते. "बघ, काका! पहिल्या झटक्यात!" काका दोरी ओढून बघतात, मान डोलावतात. तिचा चेहरा असा फुलतो की काय सांगावं. गेल्या वर्षी बारावीचा निकाल लागला तेव्हा मी पेढे— नाही, मी काही आणलं नव्हतं. "शाबास" म्हणालो होतो. दुकानात गर्दी होती.

लिहूनच टाकतो, नाहीतरी इथे वाचणारं कोण आहे. वर्षभर थांबून प्रवेश मिळवलाय, आता जुलैत ती जाणार. जनावरांची डॉक्टर व्हायला, लांब, पाच वर्षं. मग नोकरी, मग तिचं ती. सगळ्यांनी मिळून जायची ही शेवटची सुट्टी, हे घरात कुणी तोंडाने बोलत नाही. आणि ती सुट्टी कशी जाणार तेही मला पाठ आहे. पहाटे काकांबरोबर बोटीवर. दुपारी झोप. संध्याकाळी काकांबरोबर धक्क्यावर. आणि बाबा वाळूत खुर्ची टाकून कालचा पेपर वाचणार. अकरा वर्षं हेच चाललंय. मला यंदा ती हवी आहे. आठ दिवस. एवढंच.

११ मार्च

त्या जाकिटाला पंधरावा खिसा शिवून घेतला! हिने कौतुकाने सांगितलं. कौतुकाने!

१६ मार्च, रविवार

आज मी तोंड उघडलं. म्हटलं, यंदा डोंगरात जाऊ. एक छानशी बंगली आहे, सगळ्या बाजूंनी झाडं, समुद्र नकाशावर बघायचा म्हटला तरी पान उलटावं लागेल.

दर्यासारंग : "तिथे करायचं काय?"
मी : "चालायचं."
"कुठे?"
"डोंगरावर."
"मग?"
"मग खाली यायचं."
"म्हणजे हात हलवत परत!"

हशा. हीसुद्धा हसली. मग त्यांनी माझ्या बोट लागण्याची गोष्ट काढली. निघणारच होती. सात वर्षांपूर्वी एकदाच मी बोटीवर गेलो आणि दर्यासारंगांच्या बुटांवर ओकलो. दर वर्षी सांगतात आणि दर वर्षी ते बूट जास्त भारी होत जातात. यंदा ते परदेशी होते.

मग पोरगी माझ्या दंडाला धरून म्हणाली, "बाबा, दीपगृहाच्या गावी जाऊ या ना. प्लीज. यंदा तिथेच."

गंमत म्हणजे तक्त्यात जास्त गुण बेटाला. दर्यासारंगांचं मन बेटावर. पण ती असं म्हणताच त्यांनी लगेच बेट सोडलं! "पोरगी म्हणते तर दीपगृह." दोघांनी एकमेकांकडे बघितलं, तेही मी बघितलं. आधीच शिजलेलं होतं. दोन वर्षांपूर्वी तिने तिथे हातभर लांब मासा काढला होता, काकांच्या शेजारी बसून. दोघांचा फोटो दर्यासारंगांनी मोठा करून दुकानात लावलाय, दोन नळांच्या मधे. त्यात मी कुठे आहे ते शोधलं तर मागे, वाळूत, एक पेपर दिसतो.

२१ मार्च, शुक्रवार

दीपगृहाच्या बोटवाल्याशी एकदा बोलून घ्यायला हवं, मासा कसा आहे वगैरे. दर्यासारंगांकडे नवा माल उतरतोय, त्यांना वेळ नाही. मी म्हणालो, फोन मी करतो.

सगळे माझ्याकडे बघत राहिले. "बघा, साडूबुवा लागले गळाला!" हो हो, हसा.

२३ मार्च, रविवार

सकाळी दुकान उघडायच्या आधी फोन लावला. "ओळखलं की साहेब! चष्मेवाले! वाळूत पेपर वाचत बसता ते!" म्हणजे कीर्ती तिथवर पोचली आहे. मासा कसा आहे, विचारलं. "भरपूर! गेल्या पाच वर्षांत असा नव्हता. आणि तुम्ही तर यायलाच पाहिजे साहेब, तुम्ही तर नक्की या!" आणि उगाच हसला. धंद्याची माणसं, सगळ्यांनाच असं म्हणत असणार.

संध्याकाळी बैठकीत मी सांगितलं : यंदा मासा नाही. बंदराचं काम काढलंय, गाळ उपसतायत, पाणी गढूळ, मासा लांब गेला. बोटवाला स्वतः म्हणाला, यंदा येऊ नका.

इतकं सोपं असेल असं वाटलं नव्हतं. घरून येताना मी तयारी करून आलो होतो— काम कधीपर्यंत, कुणी काढलं, पुढच्या वर्षीचं काय. एक प्रश्न विचारला नाही त्या माणसाने. "तुम्ही स्वतः बोललात ना? मग संपलं." पट्टी घेतली आणि दीपगृहाच्या ओळीवर सरळ रेघ मारली. एवढा मोठा दर्यासारंग, आणि माझ्या एका वाक्यावर बुडाला!

बेट ताईने आधीच उडवलं होतं, तिथल्या न्हाणीघरात विंचू निघाला होता एकदा. खाडीला त्या आठवड्यात भरतीचा जोर नाही. उरलं काय? दर्यासारंगांनी तक्ता उचलला. मग घडी घालून पंधराव्या खिशात ठेवला. "आता तुम्हीच ठरवा, साडूबुवा. डोंगर तर डोंगर."

जरा वाईट वाटलं. जरा.

परत येताना पोरीने गाडीत विचारलं, "बोटवाले काका नक्की असं म्हणाले, बाबा?" मी म्हणालो, नक्की. ती खिडकीबाहेर बघत बसली. काकांबरोबरची बोट हुकली, दुसरं काय! होईल सवय.

२९ मार्च

डोंगरातली बंगली ठरली. ४ मे ते ११ मे. चार खोल्या, एक व्हरांडा. आजूबाजूला पाण्याचा थेंब नाही, हे दोनदा विचारून घेतलं.

१ एप्रिल

दर्यासारंगांचा फोन. डोंगरात ओढा वगैरे आहे का? ओढ्यात लहानसहान काही असतं. नाही, म्हणालो. "विहीर?"

विहीर! हा माणूस विहिरीत गळ टाकून बसेल आणि ताई शेजारी बसून हसेल.

६ एप्रिल, रविवार

जिंकलो. साफ जिंकलो! मला वाटलं होतं पोरगी आठवडाभर तोंड फुगवून बसेल, मग मैत्रिणीकडे जाते म्हणेल, येणारच नाही म्हणेल. आज जेवताना मीच विषय काढला. ती ताटाकडे बघत म्हणाली, "चालेल, बाबा. तू म्हणशील तिथे." बस्स! ना आदळआपट, ना रुसवा. हिला म्हटलं, बघितलंस? तुम्ही उगाच त्या माणसाला डोक्यावर घेऊन बसता, पोरीला खरं म्हणजे काहीच फरक पडत नाही. ही म्हणाली, "तुम्हाला त्यांच्याविषयी एक चांगला शब्द काढता येत नाही का हो? लेकीला पोहायला कुणी शिकवलं? सायकल कुणी शिकवली?"

दुकान कोण चालवत होतं, हे नाही विचारत कुणी.

१४ एप्रिल

दुर्बीण आणली. लांबच्या पक्ष्यांसाठी. तिला प्राण्यांची, पक्ष्यांची आवड आहे, डॉक्टरच होणार आहे त्यांची. दोघं पहाटे निघू, ती आणि मी. ही काही उठायची नाही. दर्यासारंग उठतील, सवयच आहे त्यांना, पण त्यांचा गुडघा चढावर टिकणार नाही. तेही बघून ठेवलंय. रस्ता मुद्दाम चढाचा निवडलाय.

बोलायचं काय, हे मात्र ठरवायला हवं. दोन तास चालायचं म्हणजे बोलावं लागेल. तिच्या मैत्रिणींची नावं मला माहीत नाहीत. हिला विचारावीत तर ही हसेल. कॉलेजचं विचारता येईल. वसतिगृहाचं. एका खोलीत किती जणी, वगैरे.

एवढ्यात संपेल ते.

२० एप्रिल, रविवार

दर्यासारंग काठी घेऊन आले. चालायची. मुठीला होकायंत्र बसवलेलं! दिवाणखान्यात उभे राहून उत्तर कुठे ते दाखवत होते. मग दक्षिण दाखवली. ताई टाळ्या वाजवायचीच बाकी होती. गळाची पेटी माळ्यावर टाकून दिली म्हणे, आता पुढच्या वर्षी बघू. आणि मला म्हणाले, "साडूबुवा, तुम्ही म्हणता ते बरोबर आहे. एकदा तुमच्या मनासारखं व्हायलाच पाहिजे. आम्ही नेहमी पोरीला ओढून नेतो." मोठेपणा! स्वतःचा पराभवसुद्धा हा माणूस मला बक्षीस दिल्यासारखा देतो.

पोरीकडे बघून म्हणाले, "काय गं, बोललीस का बाबांशी?" ती म्हणाली, "कशाबद्दल?" आणि चहाचे कप उचलून आत गेली. ते मग उगाच काठीवरचं होकायंत्र पुसत बसले.

या दोघांची कुजबुज अजून चालूच आहे. असू दे. अजून चौदा दिवस, मग डोंगर.

२ मे

तिने विचारलं, दुर्बीण कुणासाठी? म्हटलं, आपल्या दोघांसाठी. "अच्छा," म्हणाली. माझ्याकडे जरा वेळ बघत राहिली. आनंद झाला असावा.

३ मे, शनिवार

दुकानात बोटवाल्याचा फोन. "साहेब, गुरुवारच्या सकाळची बोट दुसऱ्या पार्टीला देऊन टाकू ना? पोरीने गेल्या महिन्यातच रद्द केली, पण मी नाव खोडलं नव्हतं. म्हटलं, मन बदललं तर."

कसली बोट? दोन माणसांची. ती आणि मी. काकांनीच तिला नंबर दिला होता, ते म्हणे धक्क्यावर बसणार होते. पाणी शांत असेल ना, हे तिने तीनदा विचारलं होतं. "तुम्हाला सांगू नका म्हणाली होती. आधी कळलं तर बाबा यायचा नाही, म्हणाली."

मासा नाही म्हणून रद्द केली का, मी विचारलं. "छे! मी सांगितलं की तिला, मासा भरपूर आहे, तुझ्या बाबांनी फोन केला होता, त्यांनाही हेच सांगितलंय. 'बाबांनाही हेच सांगितलंत?' एवढंच विचारलं. मग म्हणाली, बरं."

घरी आलो. उद्या सहाला निघायचं. बॅगा दारात लावून ठेवल्या आहेत. माझी तिनेच भरली आहे.