पहिलं नातवंड आजीचं

२ मार्च

कवळी सापडली! वॉशिंग मशीनमध्ये, माझ्या स्वेटरच्या बाहीत. सकाळपासून घर डोक्यावर घेतलं होतं. सासूबाई तोंडावर रुमाल धरून चहात पाव बुडवून खातायत, मी पलंगाखाली आडवी, आणि चोर समोरच उभा — कंबरेवर हात ठेवून "कुते गेली? कुते गेली?" करत शोधायला मदत करतोय! दोन वर्षांचं कार्टं, आमचा एरनार. कंबरेवरचे हात माझे, खोकला शेजारच्या बागिलाकाकूंचा. जे दिसेल ते उचलतो, जे ऐकेल ते बोलतो.

मी हसले. सासूबाईही — आमच्या अपा — हसल्या, कवळीशिवायच. मग ती धुऊन बसवली आणि पहिलं वाक्य काय — "गावाला माझ्याकडे असला की अंगणभर हुंदडेल. इथे चौथ्या मजल्यावर कोंडलंय पोर, दात चोरणार नाही तर काय करणार?"

माझं हसू तिथेच गेलं. आल्यापासून हेच चाललंय — "माझ्याकडे असला की".

३ मार्च

त्या कशाला आल्यात ते मला माहीत आहे. सगळ्या जिन्याला माहीत आहे. पहिलं नातवंड आजीचं, हा आमच्याकडचा रिवाज. दूध तुटलं की आजी घेऊन जाते, पोटचं म्हणून वाढवते, मूल तिलाच आई म्हणतं. मग बाप होतो भाऊ, आणि जिने जन्म दिला ती कोण? वहिनी!

माझा नवरा तल्गात असाच आजीकडे वाढला. ती आजी त्याची आई. म्हणून तो स्वतःच्या जन्मदात्रीला, म्हणजे अपांना, वहिनी म्हणतो, अहो-जाहो करतो. लग्न झालं तेव्हा मला याची गंमत वाटायची. बागिलाकाकूंना सांगून हसले होते मी. आता नाही हसू येत.

सासरे गेले. धाकटा दीर अस्तानाला नोकरीला. कझालीपलीकडच्या त्या घरात अपा आणि एक गाय. "घर खायला उठतं गं," म्हणाल्या आज. वाईट वाटलं. खरंच वाटलं. पण म्हणून माझं पोर?

नवरोजचा सण झाला की परत जाणार आहेत. तिकीट एकच काढलंय. बघून जीव भांड्यात पडला होता — मग आठवलं, एवढ्या लहान मुलाला तिकीट लागतच नाही.

५ मार्च

जळो आजचा दिवस! आठ मार्चच्या महिला दिनासाठी घरी घेतलेल्या केकच्या ऑर्डरी. शाळेच्या बाईंचा मोठा केक तयार, वर क्रीमची ट्युलिप. दाराची बेल वाजली म्हणून गेले. परत येते तर एरनार टेबलावर. पायात बूट, कमरेला चड्डी नाही. ट्युलिप पोटात गेलेली, आणि खेळायची असिकं — मेंढीच्या घोट्याची ती हाडं — एकेक करून केकमध्ये रोवतोय. "मेंढ्या चलतायत," म्हणाला. मोठ्या अभिमानाने.

मी ओरडले. तो रडला. मग मीही रडले. अपांनी त्याला उचललं, कपाळ हुंगलं — "माझं कुत्र्याचं पिल्लू ते! आईला कामं फार, नाही का रे? चल हो, आपण आपल्या घरी जाऊ."

ओरडायला नको होतं. आयतं कोलीत दिलं त्यांच्या हातात.

६ मार्च

वरचा थर खरवडला, नवी क्रीम चढवली, केक गेला. आता खेळणी आवरताना एक असिक सापडत नाहीये. या अल्ला, ते केकमध्ये नसू दे.

८ मार्च

केकमध्येच होतं! बाईंचा फोन — "केक सुरेख झाला होता गौहर, पण आत हाड ठेवायची ही काय नवी पद्धत?" म्हटलं, "ज्याच्या वाट्याला येईल त्याचं वर्ष चांगलं जातं." त्या खूश! त्यांच्याच वाट्याला आलं होतं.

अपा ऐकत होत्या. "खोटं बोलायला पटाईत आहेस की," म्हणाल्या. पण हसत होत्या. अशा असतात तेव्हा आवडतात मला. म्हणून तर जास्त भीती वाटते.

९ मार्च

दूध तोडायचं! अपांनी वाटीत मोहरी कालवून पुढ्यात ठेवली. "छातीला चोळ. दोनदा तोंड भाजलं की आपण होऊन सोडेल. नवरोजपर्यंत सुटायला हवं."

नवरोजपर्यंत का, ते त्यांनी सांगितलं नाही. मी विचारलं नाही. ती मोहरी मी दुपारी मटणाला लावून खाल्ली. डोळ्यांत पाणी आलं. बरं वाटलं.

झोपवायला मात्र आता त्याच त्याला आपल्या खोलीत नेतात.

११ मार्च

तल्गातचा फोन तेलाच्या विहिरीवरून, वाऱ्यात निम्मं ऐकू येत नाही. म्हटलं, अपा एरनारला न्यायला आल्यात. म्हणाला, "आल्यावर बोलू." सुट्टीला अजून चार दिवस आहेत. याचं 'आल्यावर बोलू' आणि माझा इथे रोज जीव टांगणीला.

संध्याकाळी पोर टबात बसलेलं, अपा पाणी ओतत होत्या. आपणहून बोलायला लागल्या. तल्गातला नेलं ते लांब नव्हतंच, अंगणापलीकडच्या घरात. रडला की इकडे ऐकू यायचं. "गेले एकदा. सासूने दारातून परत पाठवलं. म्हणाली, तुझा आवाज आला की तुला विसरायचा थांबतो." दूध मावायचं नाही. चुलीमागे बसून राखेत पिळायच्या.

मी टॉवेल घेऊन शेजारी उभी.

"मला कोणी विचारलं होतं का, देशील का म्हणून?" असं म्हणून त्यांनी एरनारच्या डोक्यावर तांब्या उपडा केला. तो खिदळला. मला इतका राग आला — त्यांचा नाही, त्यांच्या सासूचा. आणि मग त्यांचाही. जे आपल्याला एवढं लागलं तेच माझ्यावर उलटवायचं?

१५ मार्च

तल्गात आला. बूट काढता काढता हाक — "वहिनी, चहा मिळेल का?" अपा उठल्याच. एरनार त्याच्या मानेवर.

जेवण झाल्यावर स्वयंपाकघराचं दार लावून घेतलं.

"रिवाज आहे गौहर. आणि कायमचं थोडंच? उन्हाळ्यात आपण जाऊच."

"पाहुणे म्हणून."

"मी काय वाईट वाढलो? मला काय कमी पडलं?"

"तुला नाही पडलं. त्यांना विचार!"

बशी पुसत राहिला. ती केव्हाच कोरडी झाली होती.

१६ मार्च

अबोला. एरनार आमच्यामधून धावतो आणि ओरडतो — "बाबा गप! आई गप!" सगळ्या जिन्याला बातमी.

१८ मार्च

अपांची पिशवी पलंगावर उघडी. त्यांच्या कपड्यांवर एरनारचे कपडे — दुलईचं जाकीट, एक विजार, त्यांनीच विणलेले लाल मोजे. व्यवस्थित घड्या घातलेल्या.

मी म्हटलं, "नाही."

तोंडातून निघूनच गेलं! पाच वर्षांत मी त्यांच्यापुढे आवाज चढवला नव्हता. पण म्हटलं — "अपा, मी त्याला देणार नाही. तुम्ही हवं तितकं राहा, रोज या, पण देणार नाही."

त्यांनी हातातली विजार मांडीवर ठेवली. "सून सासूला तोंडावर नाही म्हणते," म्हणाल्या. रागाने म्हणाल्या असं वाटलं तेव्हा. "मला नव्हतं म्हणता आलं." आणि राहिलेली विजार घडी करून आत ठेवली.

तल्गातला सांगितलं. तो म्हणाला, "तू असं बोलायला नको होतंस." झालं! म्हणजे मी एकटीच.

२१ मार्च

नवरोज. घर पाहुण्यांनी भरलेलं, नवरोजच्या खिरीचं पातेलं सकाळपासून गॅसवर. एरनारने पातेल्यात बाबांचा मोबाईल सोडला. काढला, पुसला, चालतोय. आज कोणी कोणाला रागवायचं नसतं.

सगळे जेवायला बसलेले. अपांनी एरनारला मांडीवर घेतलं. गेले काही दिवस कोपऱ्यात बसून त्याला शिकवतायत, मी ऐकलंय — म्हण, आई. म्हण, आई. आज सगळ्यांसमोर विचारलं, "सांग रे माझ्या पिल्ला, मी तुझी कोण?"

बागिलाकाकूंनी माझा हात धरला. मला समोरचं काही दिसेना.

एरनारने विचार केला. पाय पसरले, मान मागे टाकली — अगदी बाप बसतो तसं — आणि बापाच्याच आवाजात म्हणाला, "वहिनी! चहा मिलेल का?"

जो हशा पिकला! बागिलाकाकूंना ठसका लागला. कोणीतरी टाळ्या पिटल्या. हा पठ्ठ्या खूश, पुन्हा म्हणाला, "वहिनी! वहिनी!"

मी नाही हसले. शपथेवर सांगते, मला आनंदसुद्धा झाला नाही. अपांचा चेहरा बघवत नव्हता. "बापाचाच आहे," एवढंच म्हणाल्या. त्याला मांडीवरून उतरवलं, किटली उचलली आणि सगळ्यांचे प्याले भरत गेल्या. तल्गातचा भरला तेव्हा तो मान खाली घालून बसला होता. त्याचाच आवाज होता ना तो.

२२ मार्च

अपा दिवसभर खोलीत. एरनार दार बडवतो, त्या उघडतात, कपाळ हुंगतात, परत लावून घेतात. आज शिकवणी नाही. पिशवीची चेन लागलेली आहे. आत काय आहे ते विचारायची माझी हिंमत नाही.

तल्गात बाल्कनीत. थंडीत, कोटाशिवाय. जेवायला बोलावलं तर म्हणाला, "ती चुलीमागे बसायची हे मला कोणी सांगितलं नव्हतं." म्हणजे अपांशी बोलला. काय बोलला, ते सांगेना.

उद्या सकाळची गाडी. एरनारचे बूट मी पिठाच्या डब्यामागे लपवलेत. मूर्खपणा! बूट नाहीत म्हणून कोणी नातू सोडून जातं का? तरी लपवले.

२३ मार्च

अपा दारात, अंगात कोट, हातात पिशवी. एरनार त्यांच्या पायाशी, अनवाणी. तल्गात त्यांना स्टेशनवर सोडायला खाली मोटार सुरू करायला गेला होता, तो किल्ली हातात घेऊन परत वर आला. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

"आई," म्हणाला, "पिशवी खाली ठेव."

त्यांनी ठेवली. ठेवली म्हणजे हातातून सुटलीच.

एरनारने लगेच चेन ओढली आणि उपसायला लागला. अपांचे झगे. रुमाल. कवळीची डबी. औषधं. शेवटी रिकामी पिशवी उलटी करून डोक्यावर घातली.

त्याचा एक मोजासुद्धा तिच्यात नव्हता.