थंडीतला आयडल

पेण,
जानेवारी १९९६

चि. एलियास यास रेचलआत्याचा शालोम आणि डोक्यावर हात. (हात आशीर्वादाचाच आहे. टपली मारायची होती, पण तुझं ते इस्रायलातलं अश्दोद लांब पडतं.) तू बरा असशील, बायको तुला वेळेवर जेवू घालत असेल किंवा तू तिला, आणि समुद्राकाठी असूनही तुला मासळी तिकडच्या पद्धतीने बेचव करून खावी लागत असेल, असं धरून चालते. माझी तब्येत कशी आहे हे तू विचारलेलं नाहीस, म्हणून आपणहून सांगते. गुडघे ठीक आहेत. रक्तदाबही ठीक होता. तुझी मोटारसायकल पडवीत आल्यापासून तो ठीक नाही.

मायदेशी परतणाऱ्या कुणा जर्मन प्रवाशाकडून तू ती घेतलीस, माझ्या पडवीत उभी केलीस आणि विमानात जाऊन बसलास. जाताना काय म्हणालास? ‘आत्या, रोज सकाळी थोडी चालू करून ठेव. काही वाटलंच तर निलेश मेकॅनिकला बोलव, तो म्हणेल तसं करू दे.’ अरे, सगळी नोकरी सरकारी दवाखान्यात गेली माझी, शेवटी मेट्रन होते. पेशंट दारात टाकून पळून जाणारे नातेवाईक मी खूप पाहिले, पण ‘तो म्हणेल तसं करू दे’ असं सांगून, पेशंटला न्हाव्याच्या हवाली करून जाणारा तूच पहिला.

तरी मी सांगितल्याप्रमाणे केलं. रोज सकाळी, शनिवार सोडून. (शनिवारी आपल्या घरात विस्तव नाही, मग इंजिनाचाही नाही. तुझी गाडी तुझ्यापेक्षा नेमाने शब्बाथ पाळते.) डावीकडच्या मुठीजवळची ती छोटी दांडी ओढायची, बटण दाबायचं, की गाडी जी वरच्या पट्टीत सुरू होते, ती कुंपणावरच्या कोंबड्या खाली उतरवते. रविवारी तर जास्तच, कारण दोन रात्रींचा गारठा अंगात मुरलेला असतो. शेजारच्या गिरजाबाई कुंपणाशी आल्या आणि म्हणाल्या, “गो रेचल, तुझ्या त्या रेड्याला झालंय तरी काय? सकाळच्याला कोकलतो, माझं दूध नासलं!” दूध नासायला आवाज कारण नसतो, भांडं कारण असतं, हे मी बोलले नाही. शेजार राखायचा असतो.

मग निलेश आला. कान लावून ऐकलं, मान हलवली आणि निदान केलं, “मॅडम, गाडी रेस घेते. इंजेक्शनचं लफडं हाय. सगळं काढून फेकू, बुलेटचा कार्बोरेटर बसवू. गुणाजीच्या गाडीला बसवला, तवापासून एकदा तरी बोंबलली काय?” बोंबलली नाही हे खरं. गुणाजीची गाडी तेव्हापासून सुरूच झालेली नाही.

आता तुझी पुस्तिका मी वाचली आहे. (नन्सनी आमच्याकडून इंग्रजी घटवून घेतलं ते अशाच दिवसांसाठी.) निलेशची सगळी गल्लत एका शब्दाने झाली आहे. तो त्या दांडीला ‘चोक’ म्हणतो. चोक म्हणजे गळा आवळणं. कार्बोरेटरच्या गाडीत ते खरं आहे, चोक ओढला की हवेची वाट आवळते आणि पेट्रोल जास्त ओढलं जातं. पण इथे इंजेक्शन आहे, पेट्रोल पिचकारीने मोजून आत जातं, आणि इंजेक्शनच्या बाबतीत निलेशने मला शिकवावं इतकी मी म्हातारी झालेली नाही. थंड इंजिनात पेट्रोलची धड वाफ होत नाही, म्हणून डोस वाढवावा लागतो. तो डोस सीटखालची पेटी आपणहून वाढवते, इंजिनाच्या पाण्याचं तापमान बघून. (आमच्या दवाखान्यातल्या निम्म्या डॉक्टरांना हे जमलं नाही.) आणि ती दांडी गळा आवळत नाही, उलट जरासा मोकळा करते. हवा जास्त जाते, तिच्या हिशेबाने पेट्रोल जास्त जातं, इंजिन जलद फिरतं, आणि तेल गारठून काकवीसारखं घट्ट झालेलं असलं तरी बंद पडत नाही. थंडीने माणूस कुडकुडतो तो आजारी म्हणून नव्हे, अंगात ऊब यावी म्हणून. ऊब आली की थांबतो. गाडी गरम होत जाते तशी ती दांडीही हळूहळू मागे न्यायची, की इंजिन मांजरासारखं गुरगुरायला लागतं. उभ्या गाडीच्या या जलद फिरण्याला पुस्तिकेत ‘फास्ट आयडल’ म्हणतात. कुडकुडणाऱ्या पेशंटचं काळीज काढून बैलाचं बसवायला निघाला होता तुझा निलेश.

हे सगळं मी त्याला समजावलं. तो म्हणाला, “पुस्तक जर्मनीचं, थंडी पेणची. मालकाची तार येऊ दे, मग हात नाय लावनार. नायतर सोमवारी पाने-पकडी घेऊन येतो.” बाईने वाचलेलं खोटं, पुरुषाने पाठवलेलं खरं! म्हणून मी तुला तार केली आणि उत्तराची वाट न बघता रोह्याला गेले, तुझ्या लीयाआत्याकडे. (कशी गेले ते विचारू नकोस.) आणि नेमकी त्याच दिवशी तुझी तार आली, ती गिरजाबाईंनी घेतली.

गिरजाबाईंचा जावई धनेश, जोहे गावचा. त्याचा गणपतींचा कारखाना आहे आणि मूर्ती परदेशी जातात, त्यामुळे ‘आयडल’ म्हणजे मूर्ती, हा इंग्रजी शब्द त्याला आपल्या नावासारखा पाठ आहे. त्याने सासूला तार वाचून दाखवली. तू लिहिलं होतंस, ‘फास्ट आयडल नीडेड व्हेन कोल्ड. लोअर स्लोली ॲज वॉर्म्स. डू नॉट ओपन. एलियास.’ स्पेलिंगकडे तो कशाला बघतो? धंद्याच्या माणसाला तारेत ऑर्डर दिसते.

मी रोह्याहून परतले, आणि सोमवारी सकाळी पडवीत गाडीच्या सीटवर बसून होते, पदर खोचून. समोर निलेश पाने मांडत होता. मी म्हटलं, आधी मला उघड, मग गाडी. तेवढ्यात टेंपो आला. टेंपोतून गवतात बसवलेलं मोठं खोकं उतरलं, आणि धनेश हात जोडून म्हणाला, “मॅडम, तुमचा गणपती.”

एलियास, लोक मूर्ती पुजायला लागले म्हणून मोशेने देवाच्या आज्ञांच्या दगडी पाट्या फोडल्या, आणि तेच कारण तू टेंपोने माझ्या दारात पाठवलंस. धनेशने मला तारेचा अर्थ सांगितला. फास्ट आयडल नीडेड, म्हणजे मूर्ती लवकर हवी. व्हेन कोल्ड, म्हणजे थंडीतली, माघीची. लोअर स्लोली, सावकाश उतरवा. डू नॉट ओपन, खोकं उघडू नका. “बघा, चार मानसं लावून सावकाश उतरवलं का नाय?” आणि हे ऐकून निलेशचा चेहरा असा उजळला, की मला त्या पान्यानेच त्याला हाणावंसं वाटलं. “म्हणजे तार मूर्तीची हाय,” तो म्हणाला, “इंजिनाची नाय. उतरा मॅडम.”

मी उतरले नाही. धनेशला विचारलं, “मूर्ती कशाची रे?” “शाडूची.” “शाडूची मूर्ती तापवतात?” “काय येडं हाय काय कोन! तडे जातील.” “मग ‘ॲज वॉर्म्स’, गरम होईल तसं सावकाश उतरवायचं, ते काय?” धनेशने तार उलटी करून मागे काही आहे का पाहिलं. मी दांडी ओढली आणि बटण दाबलं. कोंबड्या उतरल्या, गिरजाबाईंनी कानावर हात ठेवले. मी दांडी इवली इवली मागे नेत गेले, इंजिन एकेक पायरी उतरत आलं आणि शेवटी असं शांत गुरगुरायला लागलं, की धनेश आपणहून म्हणाला, “व्हय, उतरली गो बाय.” निलेशने पाने पिशवीत भरले. “मालकाचा शब्द म्हंजे शब्द,” म्हणाला. माझा शब्द कुणाचा होता देव जाणे.

खोकं गिरजाबाईंनी घरी नेलं. नवसाची मूर्ती आणायची राहिलीच होती म्हणे, ती चालत आली. जाण्याआधी झाकण उघडून दाखवली. सुरेख होती. डोळे असे, की मीसुद्धा पदर सारखा केला. आता सकाळी कुंपणापलीकडून हाक येते, “रेचल, तुझा आयडल झाला काय? माझ्याची आरती करते!” दूध नासत नाही.

एकंदरीत आलेली आपत्ती टळली, पण माझ्या वयाला हे झेपत नाही. गाडी कधी नेतोस ते कळव. मुलांना गोड पापा.

तुझी,
रेचलआत्या

ता. क. ‘कधी नेतोस ते कळव’ हे रीत म्हणून लिहिलं. घाई नाही.

ता. क. दुसरा. रोह्याला कशी गेले हे विचारू नकोस म्हटलं म्हणजे तू विचारणारच. तुझ्या गाडीवर गेले. देवीच्या लसीकरणाच्या दिवसांत खात्याच्या मोटारसायकलवरून हा सगळा तालुका मी पालथा घातलाय, तेव्हा तू रांगत होतास. नागोठण्याच्या पुढे रस्ता मोकळा मिळाला. लीयाला मागे बसवून कुंडलिकेच्या पुलापर्यंत नेलं. ती सगळा वेळ डोळे मिटून स्तोत्रं म्हणत होती आणि उतरल्यावर म्हणाली, “परत कधी?” गिरजाबाईंनी मला जाताना पाहिलं, पण त्यांना लेकीकडे जोह्याला सोडायचं कबूल करून तोंड बंद केलंय.

ता. क. तिसरा, आणि कामाचा. गाडी माझ्या नावावर करून दे. तारेने कळव. फक्त ‘यस’ एवढंच लिही, दुसरा एकही शब्द नको. धनेश अजून टेंपो धुऊन तयार ठेवतो.